उघडा टाका

दुपारी तीनच्या सुमारास माती उचलणारा, कंबरेतून वळणारा छोटा लोडर भर कामात मधल्या सांध्यातून मोडला आणि चालकाचे दोन्ही पाय त्यात चिरडले. महिन्यापूर्वी त्या सांध्याला तडा गेला, तेव्हा वेल्डिंग केलं होतं चालकाच्या धाकट्या भावाने.

"दादा, वेल्डिंगच्या टाक्यावर रंग लावू नकोस," त्याने बजावलं होतं. "उघडाच राहू दे आणि रोज सकाळी बघत जा. पुन्हा तडकला, तर लगेच दिसेल."

"एवढी देखणी मशीन ठिगळ दाखवत फिरवू होय रे?" दादा हसला होता.

आता धाकट्याने मोडलेला सांधा पाहिला, तर टाक्यावर पिवळ्या रंगाचा जाड थर होता. आत तड्याचं तोंड गंजून गेलेलं. म्हणजे तडा आजचा नव्हता, कित्येक दिवस रंगाखाली वाढत होता. हे पाप मालकाने झाकलं की मुकादमाने, या विचाराने धुमसतच तो दवाखान्यात पोचला. आत शस्त्रक्रिया चालू होती.

"वहिनी, त्या टाक्याला रंग कुणी फासला? दादा काही बोलला होता?"

वहिनीने बंद दारावरची नजर काढली नाही.

 

"त्यांनीच. वेल्डिंग झालं त्याच रविवारी घरून ब्रश घेऊन गेले होते. म्हणाले, धाकट्याच्या हातचं काम आहे, गंजायला नको."