पहिला क्रमांक

"ताई, एकदा नजर टाकता?" सकाळी हेमांगीने लॅपटॉपवरचं गायनस्पर्धेच्या निकालाचं पान सुलभापुढे केलं.

पायथन या संगणकभाषेतल्या यादीत तिने स्पर्धकांचे नोंदणी क्रमांक गुणांनुसार लावले होते. पण पडद्यासाठी जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत रूपांतर होताच ते आकडे आपोआप एक, दोन, तीन असे चढत्या क्रमाने लागणार आणि गुणांचा क्रम मोडणार, हे सुलभाने ओळखलं. पण आपली बढती या पोरीने नेल्यापासून तिच्या पोटात दुखत होतं.

"झकास आहे गं. लाव बिनधास्त."

संध्याकाळी सभागृहात पडदा उजळला. सगळ्यांत वर, नोंदणी क्रमांक एक.

"आई, मी पहिली आले!" एक चिमुरडी ओरडली. आईने तिला उचलूनच घेतलं. परीक्षकांनी दिलेली गुणांची यादी हातात धरून हेमांगी पांढरीफटक पडली.

सुलभाला हेच पाहायचं होतं. पण त्या मायलेकींकडे तिला बघवेना. ती माईकपाशी गेली.

"हा निकाल चुकलाय. मला सकाळीच दिसलं होतं."