पलीकडचा दिवा

"तीनदा वायर काढून लावली. दोष वायरीचा नाही," मुलगी म्हणाली आणि फरशीवरच मांडी घालून बसली.

दारात तिची बॅग भरून तयार होती. गाडी संध्याकाळची. जायच्या दिवशी बापाचं सगळं घर नीट करून जायचं, ही तिची जुनी खोड. सकाळपासून तिने गळका नळ बदलून घेतला, पडदे धुतले, औषधं डब्यांत लावली. तरीही हात शिवशिवत होते, म्हणून टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्रॅम, अपग्रेड केला. चालत्या गाड्याला खीळ बसली ती तिथे.

पत्त्यांच्या कॅटाएवढा तो कॉम्प्युटर. त्याला एक बटण, एक दिवा. यूएसबीच्या वायरीने तो लॅपटॉपला जोडलेला, आणि त्या वायरीतूनच त्याला नेट मिळायचं. अगदी तसाच दुसरा, दूरच्या शहरात, तिच्या घरी. इथे बटण दाबलं की तिथला दिवा लागे, तिथे दाबलं की इथला. फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवलीस का" आणि "जेवले" यापुढे सरकत नसे, म्हणून तिनेच ही सोय केली होती. बाबा पहाटे उठले की बटण दाबत. चहाला आधण येईपर्यंत उत्तराचा दिवा लागलेला असे. लहानपणी पांघरूण ओढलं तरी न हलणारी पोर आपल्यासाठी पहाटे उठते, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

आता मात्र लॅपटॉपला त्या कॉम्प्युटरचा पत्ताच लागत नव्हता.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी आलीस की बघ."

"आणि तोवर पहाटे काय कराल?"

दिवा तर बाबांना हवाच होता. पण तो इतक्यात दुरुस्त होऊ नये, तिची गाडी चुकावी, असंही त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

तिने तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला. पडद्यावरून अक्षरं सरसर जाऊ लागली. बऱ्याच वेळाने तिने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"माझाच घोळ. कर्नल म्हणजे याचा कारभारी. मी जुन्याची हत्यारं फेकली, नव्याची आणून ठेवली. पण कारभारी बसतो तो कप्पा घाईत उघडलाच नाही. त्यामुळे गादीवर अजून जुनाच. हाताशी हत्यारं नाहीत, मग यूएसबीचं नेट कसं चालू करणार तो?"

"आणि नवा कुठाय?"

"दाराबाहेर उभा."

"मग घे की त्याला आत. बिचाऱ्याला किती ताटकळत ठेवशील?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण पुन्हा कीबोर्डकडे वळली.

कप्पा उघडून तिने नवा कर्नल जागेवर ठेवला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर लॅपटॉपला लावली. या वेळी जोडणीची खूण लगेच उमटली. "झालं!" म्हणत ती उठली आणि चपला शोधू लागली.

बाबांनी बटण दाबलं. "लागला का तिकडचा?"

"लागला असणार. इथून निरोप गेलेला दिसतोय."

"गेला म्हणजे पोचला असं नाही." बाबांची सगळी नोकरी टेलिफोनच्या लाइनी जोडण्यात गेली होती. "पलीकडून कोणी बोलल्याशिवाय लाइन सुरू झाली असं आम्ही कधी म्हटलं नाही. विचार कोणालातरी."

"माझ्या घरी आत्ता कोण असणार, बाबा?"

"किल्ली असेलच की कोणा शेजाऱ्याकडे."

ती बॅगेची चेन उघडत राहिली, लावत राहिली. मग तिने फोन काढला. "दिवा लागला का, बघ ना," ती हळूच म्हणाली.

खोली लहान होती. पलीकडचा पुरुषी आवाज बाबांना स्वच्छ ऐकू आला. "लागला की! काकांनी दाबलं का? तू तिकडे गेल्यापासून त्यांचा दिवाच नाही, पहाट अगदी सुनी जातेय बघ. थांब, उत्तर देतो."

टेबलावरचा दिवा लागला. रोज पहाटे लागायचा तसाच, लगेच.

बाबा दिव्याकडे बघत राहिले. "रोज हाच देतो उत्तर?"

"मी झोपलेली असते, बाबा," मुलगी खाली मान घालून म्हणाली. "तो माझ्याकडेच राहतो. सांगणारच होते. आल्यापासून सांगायचं म्हणतेय."

बाबांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या पहाटा जिवापाड जपल्या, आणि त्यांत पोर नव्हतीच. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

"तू एवढ्या पहाटे कशाला उठतोस रे?"

पलीकडचा जरा गडबडला. "घरची सवय आहे, काका. घर सुटलं, ती नाही सुटली. त्या वेळी जागं कोणीच नसतं. तुमचा दिवा लागला की बरं वाटतं."

"हं," बाबा म्हणाले. "तिला घ्यायला स्टेशनवर जा. बॅग जड आहे." आणि त्यांनी फोन परत दिला.

मुलीचे डोळे भरून आले होते. "यापुढे मी उठेन, बाबा. नक्की. पहाटे मीच दाबेन."

"नको. पहाटेचं आमचं ठरलेलं आहे," बाबा म्हणाले. "तू उठलीस की दाब. मी दिवसभर इथेच असतो."