भातातलं तूप

कमला तेलाची वाटी आणायला आत वळली, तशी अनुसयाबाईंनी पदराआडची पळी बाहेर काढली. लेकाच्या ताटातल्या भातात बोटाने खळगा केला, त्यात तूप सोडलं आणि वरून भात लोटून दिला.

गेले बारा दिवस हे असंच चाललं होतं. चंद्रभान नागपूरच्या इस्पितळातून काळजाचं दुखणं घेऊन घरी आला, त्या दिवसापासून सुनेने त्याचं तूप तोडलं होतं. भाजीत जवसाचं तेल, भाकरीवर जवसाचं तेल. देवळीच्या पेठेत ज्यांचं कापडाचं दुकान, त्या घरच्या कर्त्या माणसाने शेतात निंदणाऱ्या मजूर बायांसारखं तेल-तिखट खायचं! डॉक्टरने कागदावर तसं लिहून दिलंय, असं कमला सांगे. कागद इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. अनुसयाबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

शिवाय सोमवारी सुनेचा भाऊ मोतीलाल समुद्रपूरहून येऊन गेला होता. येताना त्याची पिशवी रिकामी होती, जाताना नव्हती.

म्हणून आज त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या कंपौंडरला, प्रेमदासला, मुद्दाम जेवणाच्या वेळी बोलावलं होतं. सुनेचं पितळ तिच्या तोंडावरच उघडं पडलेलं बरं.

प्रेमदास आला. दोन वर्षांमागे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तो कुणाच्या पायरीशी थांबत नसे. ओसरीवरच्या खुर्चीत तो सरळ बसला आणि कमलाने दिलेल्या पेल्यातलं पाणी प्याला. पेला कोणता ते अनुसयाबाईंनी बघून ठेवलं. बोलल्या नाहीत, कारण आज गरज त्यांची होती.

आतल्या दाराशी पाटावर बसून चंद्रभान खाली मान घालून भाकर खात होता.

"मनचं सांगू नको, बाबू," अनुसयाबाई म्हणाल्या. "लिहिलं असल तेवढंच वाच."

प्रेमदासने कागद उलगडला. "तूप, लोणी, डब्यातलं वनस्पती तूप, सगळं बंद. जवसाचं नाई तं शेंगदाण्याचं तेल. तेबी बेतानं."

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. पण एवढ्यावर गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"काऊन? तुपानं काय होते?"

"काळजाले एक जखम झाली हाय, दुसरी होऊ द्याची नाई. तुपानं रक्ताच्या नळ्या बुजतात, तेलानं मोकळ्या राह्यतात, असं मोठे डाक्टर आता म्हणून राह्यले. अजून पक्कं नाई, हेबी लिहिलं हाय त्यायनं."

"पक्कं नाई नं? पाहा! मंग तुमच्या घरचं खाणं माह्या पोराच्या ताटात काऊन?"

प्रेमदास कोरडं हसला. "आमच्या घरी तूप होतंच कुठं, आजी? माहा बाप सत्तरचा हाय. अजून वखर हाकते."

हे त्यांना झोंबलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात कमला पुढे आली.

"आत्याबाई, मी यायच्या ताटात थेंब वाढत नाई. तरी बरणीतलं तूप रोज कमी होऊन राह्यलं."

"तुह्या भावाले इचार! पिशवी भरून काय नेलं त्यानं?"

"तुरीच्या शेंगा होत्या, माय," चंद्रभान म्हणाला. "मीच घातल्या पिशवीत."

अनुसयाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रेमदास कागदाची घडी घालता घालता थांबला.

"खाली अजून लिहिलं हाय. रोग्याचे वडील बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. घरात साजूक तुपाचं खाणं. रोग्याचं वय एक्केचाळीस."

चंद्रभानची भाकर संपली होती. त्याने भाताला हात घातला, तशा अनुसयाबाई धडपडत उठल्या आणि त्यांनी ताट खस्सकन ओढलं. भात विस्कटला. आतलं तूप वाहत ताटाच्या काठापर्यंत आलं.

कमला त्या तुपाकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. चंद्रभानने नजर चुकवली. बारा दिवस त्याच्या जिभेला सगळं कळत होतं. गोड लागत होतं म्हणून तो बोलला नव्हता.

"मीच घालत होती," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "याच्या बापाले कळ आली तवा मले वाटलं, अशक्तपणा हाय. वाटीभर तूप गरम केलं अन् मीच पाजलं त्यायले. नको नको म्हणत होते."

"तवा कोणालेच काई माहीत नव्हतं, आजी."

"आताबी पक्कं नाई नं, बाबू?" त्यांनी विचारलं. मघाशी हाच शब्द त्यांनी त्याच्या तोंडावर फेकला होता. आता त्या त्याच्याकडे हात पसरल्यासारखं बघत होत्या.

"नाई, आजी. पक्कं नाई."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवून त्यांनी सुनेच्या हातात दिला.

"बरणी फडताळात ठेव, कमला. कुलूप लाव," त्या म्हणाल्या. "अन् मी मागितली तरी किल्ली मले देऊ नको."