मालन लग्नाला गेली तेव्हा

"तुम्ही भाचीच्या लग्नाला जाऊन या. मी बसते भाऊजींपाशी," इंदुमती म्हणाली, तेव्हा मालन आधी नकोच म्हणत होती. दोघींची ओळख मिरजेतल्या आधारगटातली. घरात गंभीर आजारी माणूस असणारे तिथे दर शनिवारी जमत आणि एकमेकांचं ऐकून घेत. इंदुमतीची आई गेल्या वर्षी वारली होती, तरी ती गटात यायची. मालनच्या नवऱ्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता. सगळ्यांनीच आग्रह केला, म्हणून मालन कितीतरी दिवसांनी जरीची साडी नेसून विट्याला गेली.

दुपारी तिच्या नवऱ्याला अचानक धाप लागली. इंदुमतीने डॉक्टरांना बोलावलं, मालनला फोन लावला. तिकडे वाजंत्रीच्या आवाजात तो कुणी उचलला नाही. "मालन कुठाय? तिला बोलवा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि डॉक्टर पोचायच्या आत गेला.

मालन आली, तेव्हा केसांत गजरा तसाच होता. ती बराच वेळ नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. मग तिने हळूच विचारलं, "माझी आठवण काढली का हो त्यांनी?"

इंदुमतीला तिच्याकडे बघवेना. "नाही, मालनताई. गुंगीतच होते. त्यांना काही कळलंच नाही."

हे ऐकून तिला बरं वाटेल, अशी इंदुमतीची कल्पना होती.

"एवढं केलं मी त्यांचं," मालन म्हणाली. "एकदाही नाही?"

इंदुमतीने आता खरं सांगितलं असतं, तरी ती आपली समजूत घालतेय, असंच मालनला वाटलं असतं.