सुतक कुणाचं?

"तूप संपलंय," शैलजाबाई म्हणाल्या, आणि विश्वासरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

देवापुढे दिवा का नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तूप तर ओट्यावरच्या बरणीत गळ्यापर्यंत भरलेलं होतं. कर्नल विश्वासरावांनी सकाळीच झाकण उघडून बघितलं होतं. बायपास झाली म्हणून माणसाचे डोळे काही जात नाहीत.

चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाल्यावर दोघं चंडीगडमध्येच राहिली. रस्ते स्वच्छ, लष्करी दवाखाना जवळ, जुने सोबती हाकेच्या अंतरावर. आता सांगलीला परत जाऊ, असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. त्यात करोनाची दुसरी लाट आली आणि सांगली विलायतेइतकी लांब झाली. विश्वासराव गॅलरीत बसून समोरचा पिवळाधमक बहावा बघत आणि बायकोवर पाळत ठेवत.

पाळत ठेवण्यासारखं पुष्कळ होतं. शैलजाबाई फोन घेऊन गच्चीवर जात. विश्वासराव खोलीत आले की टीव्ही बंद होई. खालच्या मजल्यावरच्या सरोज बहनजी रोज डबा आणून जिन्यात ठेवून जात.

"इतनी तकलीफ क्यों, बहनजी?" त्यांनी एकदा वरूनच विचारलं.

"तकलीफ कैसी जी," सरोज बहनजी वर न बघता म्हणाल्या. "भाभीजी को टाइम पे खिला देना, भाईसाब."

आजारी आपण, आणि खाऊ घालायचं भाभीजींना? कुठेतरी पाणी मुरत होतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना दिव्याचा उलगडा झाला. दिवा नाही, पूजा नाही, अक्षय्य तृतीयेला गोडाधोडाचं नाव नाही. म्हणजे घरात सुतक होतं. शैलजाच्या माहेरचं असतं तर तिला तीन दिवसांत सुटलं असतं. हे त्याहून लांबलं होतं. म्हणजे माणूस सासरचं. विश्वासरावांच्या स्वतःच्या घरचं.

त्यांच्या छातीत कळ आली, आणि ती टाक्यांची नव्हती. सुतक धरावं असं त्यांचं होतं तरी कोण? मुलगा प्रतीक सांगलीतच डॉक्टर होता, करोना वॉर्डात. त्याचा मेसेज रोज सकाळी न चुकता येई. 'ड्युटीवर आहे, बाबा. गोळ्या घेतल्या ना?' पीपीई किट अंगावर असताना फोन घेता येत नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. मेसेज वाचून विश्वासरावांची मान ताठ होई.

राहता राहिला सुबोध, सांगलीतलाच धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. विश्वासरावांनीच त्याला लहानाचा मोठा केला. तो गेला असेल आणि आपण इथे खिचडी खात बसलो असू, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

सुबोधचे फोन येत होते, हे खरं. पण बोलणं तुटक, चेष्टा नाही, मस्करी नाही. आणि बंगळूरला अडकून पडलेला त्याचा मुलगा अथर्व, त्याचा आवाज हुबेहूब बापासारखा. विश्वासराव पूर्वीही फोनवर कितीदा फसले होते.

"शैलजा, सुबोधला व्हिडिओवर घे."

"त्याच्याकडे नेट चालत नाही."

"कधी चालणार?"

"हट्ट करू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तो दिसेपर्यंत मी गोळी घेणार नाही."

दोन वेळा गोळी पुढे आली, दोन्ही वेळा परत गेली. शेवटी शैलजाबाई गच्चीवर गेल्या. बऱ्याच वेळाने खाली आल्या, त्या डोळे पुसतच, आणि त्यांनी फोन नवऱ्याच्या समोर धरला.

पडद्यावर कानटोपी आणि मास्क दिसत होता. मधे नुसते डोळे.

"सांगलीच्या उन्हाळ्यात कानटोपी?"

"कणकण आहे, दादा."

"मास्क काढ."

"दिसला ना? पुरे आता," शैलजाबाई म्हणाल्या.

"मला अथर्वशी बोलायचं नाही. मास्क काढ."

मास्क हळूहळू खाली आला. हनुवटीवरची जुनी खोक दिसली. विश्वासरावांच्याच सायकलवरून पडून झालेली. तो सुबोधच होता, वाळलेला, पण जिवंत.

विश्वासरावांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यातच ते हसत सुटले. "अरे गाढवा, मी तुला मेलेला समजलो होतो. बिचाऱ्या शैलजाला चोर ठरवलं मी." त्यांनी स्वतः हात पुढे करून गोळी मागितली आणि गिळली. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती. "आता पोटभर जेवतो बघ."

सुबोध हसला नाही. तो ओठ चावत होता, आणि तेव्हा कुठे विश्वासरावांना तो ओठ दिसला.

"मिशी कुठे गेली रे?"

कॉलेजपासूनची त्याची झुपकेदार मिशी. ती त्याने आजवर एकदाच उतरवली होती, आईच्या दिवसांना बसला तेव्हा.

"टोपी काढ," विश्वासराव म्हणाले. आवाज हुकुमाचा होता, पण मागे जोर नव्हता.

सुबोधने टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं.

विश्वासराव त्या डोक्याकडे बघत राहिले. रोज सकाळचा मेसेज कुणाच्या हातचा होता, ते आता त्यांना कळलं. मग त्यांनी फोन पालथा ठेवला आणि बायकोचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"शैलजा," ते म्हणाले, "प्रतीकचं दहावं कधी झालं?"