एका केबलवरचा निकाह

लेकीच्या निकाहला जायला इस्माईलभाईंना रजा मिळाली नाही. निकाह रत्नागिरीत, बाप शारजात, आणि मधे एवढासा वेबकॅम. त्यातही इंटरनेटचं कनेक्शन एकच. खिडक्याखिडक्यांतून केबल ओढून सगळी बिल्डिंग त्यावरच भागवायची. शेजारी कुणी गाणी ऐकायला बसलं, की स्क्रीनवरची रुबीना हसता हसता थिजायची आणि तिचा आवाज मागाहून यायचा, विहिरीतून आल्यासारखा.

म्हणून त्या शुक्रवारी ते दारोदार फिरले. "भाई, आज असर के बाद अपना केबल निकाल के रखना. बेटी का निकाह देखना है." कुणी मान हलवली, कुणी नुसतंच इन्शाल्ला म्हणालं.

असरची नमाज झाली आणि नवल घडलं. चित्र भरतीच्या खाडीसारखं संथ वाहू लागलं. रुबीनाच्या केसांतला मोगरा हलला, तसा त्याचा वास थेट खोलीत दरवळल्याचा भास झाला त्यांना. तिचे ओठ हलले आणि त्याच क्षणी आवाज आला, "कबूल." वाटलं, हात लांबवला तर तिच्या ओढणीला लागेल.

रुबीनाने डोळे वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "अब्बा, तुमच्या मागे ही कोण माणसं?"

त्यांनी वळून पाहिलं. केबल काढून ठेवलेली अख्खी बिल्डिंग इस्त्रीचे कपडे घालून, मोगऱ्याचं अत्तर लावून, दाटीवाटीने गुपचूप उभी होती.

डोळे पुसत इस्माईलभाई पुन्हा स्क्रीनकडे वळले.

"मुलीकडची आहेत, बेटा."