आज जरा बेतानं

नेत्राने पोह्यांचा डबा तिसऱ्यांदा पुढे केला.

"घ्या ना थोडे, कांचनताई. गार होतील."

"मॅच होऊ दे," कांचनताई म्हणाल्या आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागल्या.

झालं. मुलगी बघायला आलेल्या बाईने पोह्यांना हात लावला नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? तसं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. उर्वीने आणि वेदने आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. पण वेदच्या आईला मुलीला एकदा भेटायचं होतं, आणि त्यासाठी वेदला घेऊन त्या रेडमंडहून पाच तासांचा विमानप्रवास करून आल्या होत्या. घरी या म्हटलं, तर म्हणाल्या, तिची शनिवारी मॅच असते ना, तिथेच भेटू. म्हणून अ‍ॅशबर्नमध्ये, डेटा सेंटरच्या लांबलचक भिंतीमागच्या मैदानावर, तिघं जण घडीच्या खुर्च्यांवर बसले होते.

मॅच बॅडमिंटनची असती तर काळजी नव्हती. उर्वी रग्बी लीग खेळायची. बॉल घेऊन धावत येणाऱ्या मुलीला धरायचं आणि जमिनीवर पाडायचं, हे तिचं काम, आणि ते ती फार मन लावून करायची. इथले लोक तिला बुलडोझर म्हणत. एका बाईने तर पुठ्ठ्यावर ते रंगवूनच आणलं होतं. नेत्राने आज खुर्च्या मुद्दाम त्या पुठ्ठ्यापासून लांब मांडल्या होत्या, आणि सकाळी गाडीत उर्वीला हळूच सांगितलं होतं, "आज जरा बेतानं खेळ."

"आई, इट डझन्ट वर्क लाइक दॅट," उर्वी म्हणाली होती. पण पोरगी शहाणी, ऐकत होती. वीस मिनिटं झाली तरी तिने कुणाला आपटलं नव्हतं. नेत्राला बरं वाटत होतं.

तेवढ्यात समोरच्या टीमची एक उंच मुलगी बॉल घेऊन सरळ उर्वीच्या अंगावर धावून आली. उर्वी ताठ उभी राहिली आणि तिने नुसता हात पुढे केला. हात खांद्यावरून घसरला आणि मुलीच्या गळ्याला लागला. ती धाडकन पडली. रेफरीने शिट्टी फुंकली.

मागे पिवळ्या टोपीतला एक म्हातारा बसायचा. उर्वीने कुणाला आडवं केलं की सगळ्यात मोठा आवाज त्याचा. तोच आज उभा राहून ओरडला, "नॉट द नेक, उर्वी! शेम!" पुठ्ठेवाल्या बाईने पुठ्ठा खाली ठेवला. आपलेच लोक हुर्यो करत होते.

नेत्राला काही कळेना. एरवी ही माणसं पाडलं की नाचायची, आणि आज एवढ्या हळुवारपणे धरलं तर चिडली? ती मुलगी खोकत उठली, तिला काही झालं नव्हतं. उर्वी मात्र खाली मान घालून उभी होती. मग तिने मान वर केली आणि थेट आईकडे बघितलं.

"ही नेहमी अशी उभ्यानं धरते?" कांचनताईंनी विचारलं.

"नाही गं आई," वेद म्हणाला. "शी इज द क्लीनेस्ट टॅकलर हिअर. आज काय झालंय कळत नाही."

गप्प बसणं सोपं होतं. नेत्राला ते जमलं नाही. "तिची चूक नाही," ती म्हणाली. "तुम्ही येणार, म्हणून मीच तिला बेतानं खेळायला सांगितलं."

कांचनताईंनी उजवा हात पुढे धरला. करंगळी वाकडी होती. "नागपूरला कबड्डी खेळायचे मी. चढाईला आली ती माझी मैत्रीण. तिला लागेल म्हणून अर्धवट धरली. माझं बोट मोडलं आणि तिचा खांदा निखळला."

एवढं बोलून त्या उठल्या, रेषेपाशी गेल्या आणि तोंडाजवळ हात धरून ओरडल्या, "उर्वी! वाक! खाली वाक आणि मांड्या धर!"

"व्हॉट डिड शी से?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गो लो," वेद म्हणाला.

"शी नोज द गेम," म्हातारा म्हणाला.

पाचच मिनिटांत ती उंच मुलगी पुन्हा आली. उर्वी वाकली, खांदा तिच्या कमरेत घातला आणि दोन्ही हातांनी मांड्या कवटाळल्या. दोघी पडल्याचा आवाज खुर्च्यांपर्यंत आला. नेत्राने डोळे मिटले. उघडले तेव्हा दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवत होते आणि म्हाताऱ्याने टोपी काढली होती.

कांचनताई टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. उर्वीने उठून त्या मुलीला हात दिला. ती हात धरून उठली आणि उर्वीच्या पाठीत एक दणका घालून पळाली. मग कांचनताई खुर्चीत येऊन बसल्या.

"काढा आता पोहे," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

नेत्राने घाईघाईने डिशमध्ये पोहे वाढले. वाढताना निम्मे गवतावर सांडले, पण तिला आज त्याचं काही वाटलं नाही.

उर्वीची टीम हरली. ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून, दमून, हसत आली. आईने डोळ्यांनी खूण केली तशी ती कांचनताईंना नमस्कार करायला वाकली. त्यांनी तिला अर्ध्यातच दोन्ही दंडांना धरून सरळ उभं केलं. चिखल त्यांच्या बाह्यांना लागला.

"इथे राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथे वाकत जा."